परिचारिकेचा विमा कोणी उतरवावा?

इंदापूर तालुक्यातील निरवांगी हे नीरा नदीकाठचे गाव. नदी ओलांडली की सोलापूर जिल्ह्याचा माळशिरस तालुका लागतो. तालुक्याचे ठिकाण एका दिशेला, तर बारामतीची मोठी रुग्णालये दुसऱ्या दिशेला. अशा गावात रात्री-अपरात्री एखादीला कळा सुरू झाल्या, कोणाला सर्पदंश झाला, एखादे मूल तापाने फणफणले, तर १०८ क्रमांकाची गाडी दारात येईपर्यंत घरच्यांना आठवण होते ती नर्सबाईंची. सरकारी निकषानुसार सपाट प्रदेशात पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. म्हणजेच खेड्यातील माणसाचा आणि आधुनिक वैद्यकाचा पहिला संबंध उपकेंद्राच्या पातळीवर येतो. अलीकडे तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले आहेत हे खरे. तरी लस टोचणे, बाळंतिणीची तपासणी करणे, अडल्यावेळी नाळ कापणे ही कामे परिचारिकेच्याच हातची राहिली आहेत. तिच्या शेजारी सल्ला द्यायला बहुधा कोणी नसते. चूक झाली तर ती वाटून घ्यायलाही कोणी नसते.

डॉक्टर मंडळी गेली काही दशके आपल्या व्यवसायातील चुकांचा विमा उतरवीत आली आहेत. शहरातील क्वचितच एखादा शल्यविशारद आज त्यावाचून शस्त्रक्रियेला उभा राहत असेल. मग परिचारिकेने काय करावे? तिनेही आपल्या नावाने असा विमा घ्यावा काय? हा प्रश्न वरवर पाहता विमा एजंटाच्या कक्षेतला वाटतो. पण त्याचा पदर ओढला की त्यामागून नोकर आणि धनी यांच्या नात्याचा, फौजदारी कायद्याचा आणि शेवटी रुग्णाच्या न्यायाचा प्रश्न बाहेर येतो.

यावर प्रथम दिले जाणारे उत्तर असे की, परिचारिकेला विम्याची गरजच नाही. नोकराच्या हयगयीची भरपाई धन्याने द्यावी हे कायद्याचे जुने तत्त्व आहे. या तत्त्वाचा एक ठळक दाखला आपल्या महाराष्ट्रातच घडला. १९६३ सालच्या जुलै महिन्यात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात एका स्त्रीवर बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पुढे तिला ताप आला, पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत राहून गेलेला टॉवेल सापडला. त्याच महिन्यात ती दगावली. दिवाणी न्यायालयाने ३६ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि अखेर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात तो पुन्हा कायम केला. रुग्णालय चालविणे हे काही राजसत्तेचे सार्वभौम कार्य नव्हे, आणि नेमकी चूक कोणाच्या हातून झाली हे बोट ठेवून सांगता आले नाही तरी राज्याला भरपाई चुकवता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले.

निकाल योग्यच होता. मात्र शस्त्रक्रियागृहाची ज्यांना थोडीफार माहिती आहे त्यांना एक गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. पोट शिवण्यापूर्वी आत गेलेले कापडाचे तुकडे मोजून घेण्याचे काम परंपरेने तेथील परिचारिकेकडे असते. तिने 'मोजणी बरोबर आहे' असे म्हटल्याशिवाय टाका घालायचा नाही, असा शिरस्ता आहे. उद्या असा प्रसंग घडला, तर न्यायालय राज्याला जबाबदार धरील हे ठीक. परंतु राज्य आपल्या घरात परतल्यावर कोणाकडे पाहील?

सरकारी कचेरीत काम करणाऱ्या वाचकांना याचे उत्तर ठाऊक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांत किरकोळ शिक्षांच्या यादीत एक शिक्षा अशी आहे की, कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे शासनाचे जे आर्थिक नुकसान झाले असेल ते त्याच्या वेतनातून वसूल करावे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात म्हटले होते की, भरपाई सरकारी तिजोरीतून द्यावी, पण ज्यांच्यामुळे ती द्यावी लागली त्यांच्याकडून ती वसूल व्हावी. तो खटला घरबांधणीचा होता, रुग्णालयाचा नव्हे. तरीही तत्त्व तेथे अडून बसत नाही. धनी भरपाई देतो, परंतु ती आपल्याच खिशातून देईल याची हमी कोणी दिलेली नाही.

खासगी क्षेत्राची कथा थोडी निराळी आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. २०१९ च्या नव्या कायद्यातून ती वगळली गेली आहे असा दावा पुढे झाला, तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली फेटाळला. या मार्गाने आलेल्या प्रसिद्ध दाव्यांपैकी एक परिचारिकेच्या इंजेक्शनवरूनच उद्भवला होता. दिल्लीतील एका खासगी रुग्णालयात विषमज्वराच्या उपचारासाठी आलेल्या बालकाला परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन दिले आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने बालकासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. ती परिचारिका अर्हताप्राप्त नव्हती, हे त्या प्रकरणातले मर्म. तिला त्या खाटेपाशी उभे कोणी केले होते? पगाराचा खर्च वाचविणाऱ्या धन्याने.

बारामतीसारख्या वाढत्या गावात हाच प्रश्न रोज उभा आहे. २०१९ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू झाले, खासगी रुग्णालयांची तर गणतीच नको. निरवांगी, निमगाव, लासुर्णे या बाजूच्या कितीतरी मुली परिचर्येचे शिक्षण घेऊन अशा ठिकाणी कामाला लागतात. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खाली परिषदेकडे नोंदणी झालेली मुलगी आणि केवळ अनुभवावर 'सिस्टर' म्हणविली जाणारी मुलगी या दोघी एकाच गणवेशात वावरतात. डॉक्टरसाहेबांच्या विम्यात आपलाही समावेश आहे, असे दोघींनाही वाटत असते. विम्याचा कागद वाचला तर तेथे बहुधा 'अर्हताप्राप्त' हा शब्द आढळतो, आणि निम्मा समावेश तेथेच गळतो. समजा समावेश आहे. तरी दावा उभा राहिल्यावर जो वकील येतो तो विमा कंपनीचा आणि डॉक्टरांचा. 'मी सांगितले एक, सिस्टरने केले दुसरे' हा डॉक्टरांचा सर्वांत सोपा बचाव असेल, तर तोच वकील सिस्टरचा बचाव कसा करणार? संकटाच्या क्षणी धनी आणि नोकर यांचे हित वेगळे होते. परिचारिकेचा स्वतंत्र विमा असावा असे म्हणण्याचे माझ्या मते सर्वांत बळकट कारण हेच आहे.

हे हित किती झपाट्याने वेगळे होते ते पाहायचे असेल तर पुणे जिल्ह्याच्या शेजारीच, नगरला जावे लागेल. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, अहमदनगरच्या (आता अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ करोनाग्रस्त रुग्ण मृत्युमुखी पडले. प्रक्षोभ साहजिक होता. चौकशी समिती नेमली गेली, काही जण निलंबित झाले, काहींची सेवा संपविण्यात आली. आणि तिसऱ्या दिवशी पोलिसांनी ज्या चौघींना अटक केली त्यांत एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला पहाटे आग लागून दहा बालके दगावली होती. तेथेही पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदविण्यात आला.

या परिचारिकांनी त्या घटकेला काय केले आणि काय करायला हवे होते, याचा निवाडा न्यायालयात व्हायचा. वृत्तपत्राच्या पानावर तो करणे अनुचित ठरेल. ज्यांची माणसे गेली त्यांचा आक्रोश खोटा नव्हता, हेही विसरता कामा नये. परंतु एक साधी गोष्ट विचारावीशी वाटते. रुग्णालयातील विजेची जोडणी, आग विझविण्याची यंत्रणा, तपासणीचे दाखले यांपैकी काहीही परिचारिकेच्या अखत्यारीत नसते. ती खाटेशी असते, इतकेच. आणि खाटेशी असते म्हणूनच पोलिसाच्या हाताला ती प्रथम लागते. या अटकांविरुद्ध राज्यात परिचारिकांनी निदर्शने केली तेव्हा त्यांच्या मनात भरपाईच्या रकमेचा विचार क्वचितच असेल. आपल्या बाजूने पहिल्या रात्री पोलिस ठाण्यात कोण येणार, हा त्यांचा प्रश्न होता.

येथे फौजदारी कायद्याकडे वळणे भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २००५ सालचा जेकब मॅथ्यू खटल्याचा निकाल डॉक्टर मंडळींना तोंडपाठ असतो. लुधियानाच्या रुग्णालयात एका रुग्णाला श्वास घेता येईना. परिचारिकेला बोलावले, डॉक्टर आले, प्राणवायूचा सिलिंडर लावला तर तो रिकामा निघाला. रुग्ण दगावला. न्यायालयाने डॉक्टरवरील फौजदारी कारवाई रद्द केली आणि म्हटले की, हयगय अत्यंत ढोबळ असल्याशिवाय ती गुन्हा ठरत नाही. तज्ज्ञाचे स्वतंत्र मत घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. डॉक्टरला सरसकट अटक करू नये. रिकाम्या सिलिंडरबद्दल रुग्णालयावर दिवाणी जबाबदारी येऊ शकेल, असेही न्यायालय म्हणाले. निकालाची भाषा मुख्यतः डॉक्टरांना उद्देशून आहे. रिकाम्या सिलिंडरचा जाब वॉर्डात प्रत्यक्ष कोणाला विचारला जातो, ते कोणत्याही वॉर्डसिस्टरला विचारून पाहावे!

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ही तफावत कायद्याच्या कलमातच उतरली. जुन्या दंडविधानाच्या ३०४-अ कलमाखाली हयगयीने मृत्यू घडविल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होती, मग तो डॉक्टर असो, परिचारिका असो वा मोटारचालक असो. नव्या संहितेच्या १०६ व्या कलमाने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली. मात्र नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना मृत्यू घडला तर ती दोनच वर्षे राहिली. हा 'नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक' कोण, याचा खुलासा कलमातच आहे: ज्याचे नाव राष्ट्रीय किंवा राज्याच्या वैद्यकीय नोंदवहीत आहे तो. परिचारिकेचे नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते. म्हणजे एकाच खाटेपाशी, एकाच इंजेक्शनच्या बाबतीत, लिहून देणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि टोचणारीला पाच! महाराष्ट्राने २०१० साली वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हल्ल्यांविरुद्ध जो कायदा केला, त्याच्या व्याख्येत डॉक्टरांबरोबर परिचारिकांचाही स्पष्ट उल्लेख आहे. मार खाण्याच्या बाबतीत ज्यांना एका ओळीत बसविले त्यांना शिक्षेच्या बाबतीत वेगळे का काढले, याचे समाधानकारक कारण मला तरी सापडत नाही.

आता विमा या बाबतीत काय करू शकतो? कैद तो भोगू शकत नाही. दंडही तो भरत नाही. गुन्हेगारी कृत्य आणि दंड या दोन्ही बाबी अशा पॉलिसींतून बहुधा वगळलेल्याच असतात. दिवाणी दाव्यातील भरपाई आणि वकिलाचा खर्च हे त्याचे क्षेत्र. फौजदारी खटल्यातील बचावाचा खर्च काही पॉलिसींत मिळतो, काहींत मिळत नाही, आणि परिचारिकेच्या दृष्टीने नेमकी तीच बाब कळीची आहे. दुसरे असे की, हा विमा 'दावा दाखल होईल तेव्हा' या पायावर चालतो. घटना घडली त्या दिवशी तुम्ही विमाधारक होता एवढे पुरत नाही. दावा येईल त्या दिवशीही पॉलिसी चालू असावी लागते. औरंगाबादच्या प्रकरणात घटनेपासून अंतिम निकालापर्यंत तेहतीस वर्षे गेली, हे आपण पाहिले. दावे लवकर दाखल होतात, पण नेहमीच होतात असे नाही. लग्न होऊन नोकरी सोडलेल्या, गाव बदललेल्या किंवा सेवानिवृत्त झालेल्या परिचारिकेच्या हाती मधल्या काळात बंद पडलेली पॉलिसी असेल, तर तिने भरलेले हप्ते पाण्यात गेले असेच समजावे. ही अट सही करताना सांगणारा एजंट भेटला तर भाग्य म्हणायचे.

विम्याविरुद्ध घेतला जाणारा आणखी एक आक्षेप मला गंभीर वाटतो. परिचारिकेजवळ विमा आहे असे कळले की तक्रारदाराचा वकील तिचेही नाव प्रतिवादींत घालील. आज केवळ रुग्णालयावर होणारे दावे उद्या तिच्यावर होऊ लागतील. त्याहून वाईट म्हणजे, रुग्णालयाची विमा कंपनी आपली भरपाई तिच्या विमा कंपनीकडून वसूल करू पाहील आणि दोन कंपन्यांच्या झगड्यात चूक तिचीच होती हे सिद्ध करण्याची स्पर्धा लागेल. धन्याची जबाबदारी हळूहळू नोकराच्या खांद्यावर सरकविण्याचा हा राजमार्ग ठरू शकेल. म्हणून परिचारिकेने आपल्या पगारातून विमा घ्यावा, हा सरधोपट उपदेश मला मान्य नाही. विमा तिच्या नावाने असावा आणि हप्ता धन्याने भरावा. रुग्णालय व तिचा विमा एकमेकांवर वसुली करणार नाहीत, ही अट त्या करारातच असावी.

ही मागणी अवास्तव आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला सरकारच्याच घरातील उदाहरण दाखविता येते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया फसल्या तर भरपाईचे दावे येतात, डॉक्टर शिबिरांना यायला कचरतात, हे लक्षात आल्यावर २००५ साली केंद्र सरकारने विमा योजना आणली. तिच्यात रुग्णांना भरपाई तर होतीच, शिवाय शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना व संस्थेला दाव्यामागे दोन लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, वर्षाला चार दाव्यांच्या मर्यादेत, दिले होते. हप्ता डॉक्टरांनी भरला नाही, सरकारने भरला. करोनाच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी जी ५० लाखांची विमा योजना आली तिचाही हप्ता सरकारनेच भरला. मात्र ती त्यांच्या मृत्यूसाठी होती. परिचारिका मेली तर सरकार विमा उतरविते, आणि जगून चुकली तर ती एकटी! ब्रिटनमध्ये जुलै २०१४ पासून नुकसानभरपाईची काही ना काही व्यवस्था असल्याशिवाय परिचारिकेची नोंदणीच होत नाही. पण तेथील सरकारी आरोग्य सेवेत काम करणारीला ती व्यवस्था नोकरीबरोबरच मिळते. आपल्याकडून तिकडे गेलेल्या मुली हे इथल्या मैत्रिणींना सांगत असतीलच.

या सगळ्यात रुग्णाचे काय, असे विचारणारा वाचक योग्य तेच विचारतो. परिचारिका चुकतात, आणि कधी अक्षम्य चुकतात. २०२१ च्या ३१ जानेवारीला यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या मोहिमेत बारा बालकांना लसीऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले बचावली हे त्यांच्या आयांचे दैव. येथे डोस पाजणाऱ्या चमूचा बचाव करण्याचे कारण नाही. परंतु अशा वेळी निलंबनाचा हुकूम काढला की शासनाचे कर्तव्य संपल्यासारखे होते, आणि ज्या आईचे मूल रुग्णालयात रात्र काढते तिच्या हाती काही पडत नाही. निलंबनाने कोणाची भरपाई होत नाही. विम्याचे संरक्षण असलेली परिचारिका चूक कबूल करण्याचे धाडस करू शकते. नसलेली ती नोंदवहीत झाकते. केसपेपरवर मागाहून लिहिलेल्या वेळा, खाडाखोड, दोन शाईंत उतरलेले एकच पान, ही सगळी भयाची अक्षरे आहेत. ती वाचून रुग्णाच्या नातेवाइकांना सत्य कधीच कळत नाही.

विमा आला की कामात ढिलाई येईल, हे म्हणणे मी फारसे मनावर घेत नाही. वाहनाचा विमा उतरवला म्हणून कोणी मुद्दाम झाडावर आदळत नाही. ढिलाई येते ती दुसऱ्या वाटेने. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला सरकारी रुग्णालयाच्या कोणत्याही सामान्य वॉर्डात जाऊन खाटा मोजाव्यात, जमिनीवरच्या गाद्या मोजाव्यात, आणि मग सिस्टर मोजाव्यात. हा हिशेब कोणतीही विमा कंपनी जुळवून देणार नाही. आणि तो जुळविल्याविना हप्ता भरणे म्हणजे गळक्या छपराखाली भांडे ठेवण्यासारखे आहे. भांडे ठेवू नये असे मात्र मी म्हणणार नाही. पाऊस चालू आहे.

राज्याच्या आरोग्य खात्याने कायम आणि कंत्राटी असा भेद न करता प्रत्येक परिचारिकेचा सामूहिक विमा उतरवावा. त्यात फौजदारी बचावाचा खर्च आणि नोकरी सुटल्यानंतरच्या दाव्यांचेही संरक्षण असावे. खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना अशा विम्याचा कागद मागावा, म्हणजे नोंदणी नसलेल्या 'सिस्टर'ही आपोआप उजेडात येतील. १०६ व्या कलमातील खुलाशात परिचर्या परिषदेच्या नोंदवहीचा समावेश करण्यासाठी परिचारिकांच्या संघटनांनी आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी संसदेत आग्रह धरावा. त्याला विमा हप्त्याचा एक पैसाही लागत नाही.

आणि हे सारे होईल तेव्हा होवो. निरवांगीच्या बाजूची एखादी मुलगी पुढच्या महिन्यात बारामतीच्या एखाद्या रुग्णालयात पहिल्या नोकरीच्या कागदावर सही करील, तेव्हा तिच्या शिक्षक वडिलांनी किंवा कारकून भावाने पगाराच्या आकड्याखालची एक ओळ शोधावी: दावा झाल्यास हिचा वकील कोण आणि त्याची फी कोण देणार. ती ओळ नसेल तर सहीपूर्वी ती लिहून मागावी.